सुरतेची नानखटाई आणि आपला पाव

सुरत म्हटलं की मराठी माणसाला आठवते ती लूट. एकदा जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये. गुजराती माणसाला मात्र आठवतं ते जेवण. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण तिकडे लहान पोरालाही ठाऊक असते. थंडीत कोवळ्या ज्वारीचा पोंक (म्हणजे आपल्या घाटावरच्यांचा हुरडा), कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तुपात न्हालेली घारी, सकाळी वाफाळता लोचो. खाण्याच्या बाबतीत सुरती माणूस तडजोड करत नाही. पण मला आज लिहायचंय ते एका साध्या खाऊबद्दल, नानखटाईबद्दल. कारण तिच्या कथेत आपल्या पोदेराचा पाव दडलेला आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांपाठोपाठ डचांनीही सुरतेत वखार घातली. गोऱ्या माणसाला पाव हवाच. १८२४ च्या तहाने डचांचा इथला कारभार इंग्रजांकडे गेला. जाताना त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी कारागिराकडे आली, असं सांगतात. पण गिऱ्हाईक तर निघून गेलेलं! गावातले हिंदू पावाला शिवेनात, कारण पीठ फुगवायला ताडी घातलेली. शिळा होऊन वाळलेला पाव स्वस्तात विकता विकता लोकांना तो कुरकुरीत खाऊच आवडू लागला. मग ताडी गेली, अंडं गेलं, उरलं पीठ, तूप आणि साखर. ती नानखटाई.

ही कथा किती खरी? मला ती अर्धीच पटते. 'नान' म्हणजे फारसीत रोटी आणि 'खताई' म्हणजे खता देशाची, अर्थात चीनकडची. नावच इतकं फारसी असलेला पदार्थ डचांच्या शिळ्या पावातून जन्मला असेल, यापेक्षा इराणी हाताने आपली जुनी ओळखीची चीज नव्या भट्टीत घातली असेल, हे जास्त संभवतं. पण ताडीमुळे पाव नाकारला गेला, हा कथेतला भाग मात्र मला शंभर टक्के खरा वाटतो. कारण तेच आपल्याकडेही घडलं.

गोव्यात पोर्तुगीजांना यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर कामी आली. रेंदेराने काढलेली सूर पोदेराच्या पिठात गेली आणि पाव, उंडो, पोयी फुगू लागली. (सुरतेत कतारगाम दरवाज्याजवळच्या डच दफनभूमीत व्हान रीडची भव्य कबर आहे. त्याने सिद्ध केलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'ची सुरुवातच माडाने होते, आणि त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांची नागरीतली कोंकणी साक्ष छापलेली आहे. ताडामाडाच्या गोष्टीत आपली माणसं अशी कुठे कुठे भेटतात!)

फरक एवढाच की सुरतेत पाव न खाणाऱ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. तिथे तो दुकानदाराचा प्रश्न होता, गिऱ्हाइकाला नको तर माल बदला. आपल्याकडे पाव म्हणजे बाटणं. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. त्या सगळ्या शब्दशः घ्यायची गरज नाही, पण भीती खरी होती. आणि ताट दुसऱ्या बाजूनेही तपासलं जात होतं. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात बाटलेल्यांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये, असं कलम होतं. अ. का. प्रियोळकरांच्या पुस्तकात ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. भातात मीठ कधी घातलं, यावरून माणसाचा धर्म ठरणार!

म्हणून जुन्या हिंदू घरांत पाव स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. नानखटाईला मात्र कुणी अडवलं नाही. ती सुरतेहून मुंबईला गेली, चहात बुडाली आणि दिवाळीच्या फराळात जाऊन बसली. तिच्या भट्टीचं कूळ कुणी विचारलं नाही.

आता तर मडगाव-फोंड्याच्या हॉटेलांत सकाळी बसलेला हिंदू गोंयकार पातळभाजीबरोबर दोन पाव कधी संपवतो ते त्यालाही कळत नाही. आजीच्या काळी वर्ज्य असलेली वस्तू नातवाची न्याहरी झाली, तीही कुणी फर्मान न काढता.

गेली ती सूर. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे ताडीचा प्रश्नच मिटला. आपल्याकडे बंदी नाही, पण माडावर चढणारा रेंदेर कमी झाला आणि बहुतेक पोदेर यीस्टकडे वळले. पाव फुगतो तसाच, फक्त पहाटे भट्टीजवळून जाताना येणारा तो आंबूस वास आता क्वचितच येतो.