जामीन, साक्ष आणि मोहोर

नोटरी हा शब्द आतां आपल्या घराघरांत पोंचला आहे. कुलमुखत्यारपत्र असो किंवा साधें प्रतिज्ञापत्र असो, त्यावर नोटरीचा वाटोळा शिक्का उमटला कीं कागदास वजन आलें असें आपण मानतों. परंतु दुसऱ्याच्या सहीची खात्री देणाऱ्या या गृहस्थाची खात्री कोणीं द्यावयाची? अमेरिकेंत या प्रश्नाचें उत्तर रोकडें आहे. तेथील कॅलिफोर्निया राज्यांत नोटरीचें काम पत्करणाऱ्यास १५,००० डॉलरांचा जामीनरोखा दाखल करावा लागतो. त्याच्या कसुरीमुळें कोणी बुडाल्यास भरपाईस आधार असावा, हा त्यांतील हेतु. आपल्याकडील नोटरीस असा रोखा लिहून द्यावा लागत नाहीं. यावरून जामिनाची कल्पनाच आपणांस परकी असावी असें कोणास वाटेल. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आयुष्यभर पायपीट करून ठिकठिकाणचीं दप्तरें उजेडांत आणलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचें देहावसान झालें आणि पुढल्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. मराठेशाहीच्या अशा दप्तरांतील निवाड्यांचे कागद वाचूं लागलें म्हणजे जामीन हा शब्द पदोपदीं भेटतो. वादी व प्रतिवादी पंचांपुढें आले कीं प्रथम दोघांकडून राजीनामा घेत. राजीनामा म्हणजे होईल तो निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली. आजचा अर्थ येथें घेऊं नये. त्याच्या जोडीला जामीनकतबा. अमुक मनुष्य बोलावल्या वेळीं हजर होईल असें सांगणारा तो हजीरजामीन, पैसा न आल्यास आपण भरीन म्हणणारा तो मालजामीन, आणि वर्तणुकीची हमी घेणारा तो फेलजामीन. याहून विलक्षण प्रकार साखळीजामिनाचा. एकाला दुसरा जामीन, दुसऱ्याला तिसरा, अशी कडींत कडी अडकवून अखेर सारा जमाव परस्परांस बांधला जाई. एल्फिन्स्टननें १८१९ सालीं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या पद्धतीची दखल घेतली आहे.

कागद लिही कुळकर्णी. पाटलास लिहितां येत नसल्यास त्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी काढीत. नांगराचें तें ओबडधोबड चित्र पाहून आजचा सुशिक्षित मनुष्य हंसेल. पण तें चित्र कोणी काढविलें, कोणाच्या देखत काढविलें, हें साऱ्या पांढरीस ठाऊक असे. निशाणीचें बळ रेषेंत नव्हतें, पाहणाऱ्यांच्या स्मरणांत होतें. गांवहि स्वतः एक प्रकारचा जामीनच होता. चोराचा माग ज्या शिवेपर्यंत पोंचे, त्या गांवानें तो पुढें काढून द्यावा, नाहीं तर चोरीची भरपाई करावी, असा रिवाज होता. खानदेशांत हें जागल्याचें काम पुष्कळ ठिकाणीं भिल्लांकडे असे.

अशी ही व्यवस्था गांव नांदता असेल तोंवर चालावयाची. खानदेशांत १८०२ च्या सुमारास होळकरी फौजांची धामधूम उडाली आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. कित्येक गांव ओस पडले. ज्याचा गांवच उठला त्याला जामीन कोण राहणार? कालचा जागल्या सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या आश्रयास जाऊन लुटारू ठरला, यांत मला तरी नवल वाटत नाहीं. १८१८ सालीं मुलूख इंग्रजांकडे आला व कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें आपलें ठाणें केलें. नुसत्या शिबंदीनें हें काम भागेना, तेव्हां नव्या सरकारनेंहि अखेर जुनीच युक्ति योजिली. नाइकांस नेमणुका बांधून देऊन त्यांच्या माणसांच्या वर्तनाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. १८२५ सालीं औट्रमनें भिल्लांची पलटण उभारली. तिचें ठाणें धरणगांवीं होतें.

बिनजामिनाच्या माणसाची ही अडचण पेशवाईबरोबर संपली असें मात्र समजूं नये. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या एका गवंड्याचें प्रकरण आलें. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता. भाऊ उभा राहिला तर तो व त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांतील, म्हणून नाकारला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्यास स्वतःच्या १,००० रुपयांच्या मुचलक्यावर सोडविलें.

इंग्रजी अमलांत भरंवशाची जागा हळूहळू माणसाकडून कागदाकडे गेली. १८५० च्या कायद्यानें सरकारी पैसा हाताळणाऱ्यांवर तारण देण्याची सक्ति झाली. १८७२ च्या करार कायद्यानें जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच ठरविली. कागदाचें राज्य कुणब्यास किती जाचक झालें, हें १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत दिसलें. तेथें लोकांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. म्हणून १८७९ च्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत गांवचे निबंधक नेमण्याची सोय केली. शेतकऱ्याचें खत त्यांच्यासमोर व्हावें व त्यास वाचून दाखवावें, ही त्यांतील मुख्य गोष्ट. आपल्या इकडील नोटरीचा खरा पूर्वज मी या निबंधकास म्हणेन.

नांवाचा नोटरी मात्र समुद्रापलीकडून आला. त्याची नेमणूक लंडनमधील मास्टर ऑफ दि फॅकल्टीज, म्हणजे कॅंटरबरीच्या आर्चबिशपच्या हाताखालचा एक धर्माधिकारी करीत असे! पुढें १८८१ च्या कायद्यानें हिंदुस्थान सरकारासहि नोटरी नेमण्याचा अधिकार मिळाला; पण तो न वटलेल्या हुंड्यांची नोंद व निषेध करण्यापुरता. आपल्या पेठांना त्याची फारशी गरज भासली नाहीं. शहाजोग हुंडी ओळखीच्या, पतवान सराफाच्या हातींच पटावयाची. आणि हुंडी नाकारली गेलीच, तर तिचा मान राखण्याविषयीं लिहिलेली जिकरी चिठ्ठी आधींच दुसऱ्या पेढीच्या नांवें घेऊन ठेवीत. हा व्यापाऱ्यांचा साखळीजामीनच होय.

स्वतंत्र नोटरी कायदा १९५२ सालीं झाला व १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलांत आला. त्याखालील नियमांनीं सामान्यतः दहा वर्षें वकिली केलेल्यासच अर्जाचा हक्क दिला. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग व स्त्रिया यांना ही मुदत पुढें सात वर्षें झाली. नोटरीनें नोंदवही ठेवावी. त्याची मोहोर साधी, वाटोळी व पांच सेंटिमीटर व्यासाची असावी. पैशाचा जामीन कोठेंहि मागितलेला नाहीं. परंतु १९५६ च्या या नियमांतील अर्जाचें कलम लक्षपूर्वक वाचावें. अर्जावर उमेदवाराच्या सहीखेरीज एक मॅजिस्ट्रेट, एक बॅंकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि त्याच भागांतील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या सह्या हव्यात. शिवाय त्याच्या नेमणुकीस कोणाची हरकत असल्यास ती कळविण्याविषयीं लोकांस जाहीर सूचना द्यावयाची. धुळ्याचा किंवा जळगांवचा वकील हा अर्ज घेऊन त्या पांच दारीं जातो, तेव्हां नकळत तो जामीनकतब्यावर सह्याच मिळवीत असतो; नांगराच्या निशाणीऐवजीं बॅंकेचा शिक्का, इतकाच काय तो फरक.