तंजावरचा मोरोभट

बंगळूरच्या चिक्कपेठेतील गर्दीतून वाट काढताना आपण शहाजीराजांच्या नगरीतून चाललो आहोत, याचे स्मरण नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी माणसासही सहसा होत नाही. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत हे शहर विजापूरकरांनी घेतले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी गेला, तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. आपणास बारा भाषांत कविता करता येते, असा त्याचा अर्थ. 'राधामाधवविलासचंपू' हे त्याचे काव्य राजवाड्यांनी 1922 मध्ये प्रकाशात आणले, म्हणून त्या सभेचा थाट आज आपणास कळतो.

1687 मध्ये बंगळूर भोसल्यांच्या हातून गेले. तत्पूर्वीच व्यंकोजीराजांनी तंजावरास गादी स्थापन केली होती आणि अनेक भाषांचे ते वेड तेथेही टिकले. व्यंकोजींचे पुत्र, आजोबांचेच नाव धारण करणारे शहाजी, यांनी 1684 ते 1712 राज्य केले. त्यांनी मराठीत नाटके रचली, तशीच तेलुगूतही. 'पंचभाषाविलास' नाटकात तर पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. सांगलीस विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' 1843 चे, हे येथे ध्यानात घ्यावे.

परंतु आम्हांस विशेष मौज वाटते ती 'सतीदानशूरमु' या त्यांच्या तेलुगू प्रहसनाची. मोरोभट नामक विद्वान ब्राह्मण शिष्यासह मन्नारगुडीच्या देवळातील उत्सवास येतो आणि एका अस्पृश्य स्त्रीवर भाळतो. शिष्य शास्त्र सांगून गुरूस आवरू पाहतो. गुरू आपली सारी विद्वत्ता पणास लावून आपला हेका सोडत नाही. ती स्त्रीही त्याची समजूत घालते. अखेर नवरा येतो. आता मारामारी होणार असे वाटावे, तो तो आपली बायकोच भटजींस दान देऊन टाकतो! (त्या बाईचे मन कोणी विचारात घ्यावयाचे, हा प्रश्न आम्हांस सुटत नाही.) शेवटी साक्षात शंकर प्रकट होतात.

मोरोभट हे नाव अस्सल देशावरचे. मराठी राजाने मराठी भटाची फजिती तेलुगूत लिहावी, तीही तामिळ मुलखात राहून! आपल्या दूरचित्रवाणीवरील प्रहसनांत परप्रांतीय पात्र बहुधा उच्चार चुकण्यापुरतेच तोंड उघडते. आणि आमच्यापैकी कित्येकांचे कन्नड, पंधरा वर्षे बंगळुरात काढूनही, भाजीच्या भावापलीकडे सरकलेले नाही. परक्याच्या भाषेत परक्यास हसणे आपण सहज शिकतो; त्याच्या भाषेत स्वतःस हसण्याइतके तेथे रुजण्यास दोन पिढ्या लागल्या.

राजा पंडितांचा द्वेष्टा होता म्हणावे, तर तसेही नाही. 1693 मध्ये त्याने तिरुविसनल्लूर गाव चाळीसांहून अधिक विद्वानांस अग्रहार म्हणून दिले. ते शहाजीराजपुरम या नावाने प्रसिद्ध झाले. त्या मंडळींच्या कानी मोरोभटाची कथा गेली असेल, तर त्यांतील चार तरी मनापासून हसले असतील, अशी आमची समजूत आहे. उरलेल्यांनी शास्त्राधार शोधावयास पोथ्या काढल्या असतील.