चवदार तळ्याचे पावित्र्य

'पवित्र' हा शब्द आपण जपूनच वापरला पाहिजे. याच शब्दाच्या आधारे आपली सावलीसुद्धा विटाळाची ठरविली गेली. तरीही महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरताना आपला माणूस नकळत वहाणा काढतो. हे पावित्र्य आले कोठून? याचे उत्तर पुराणात नाही, इतिहासात आहे.

तळे नगरपालिकेचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. गुरांना तळे खुले, माणसांना बंद! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब परिषदेला आलेल्या हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. लगेच 'हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी आवई उठली आणि परिषदेच्या निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडल्या. पुढे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' करून घेतले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. सवर्णांनी न्यायालयाचा मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. पण हुकूम मानून तळ्यावर जाणे मात्र थांबविले. लढा न्यायालयात चालू राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : बंदीची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आले नाही. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी!

म्हणजे एकाच पाण्याला दोन पावित्र्ये लाभली. एक घागरींनी ओतलेले. त्याला माणसाचा स्पर्श सोसत नव्हता. दुसरे माणसाच्या स्पर्शानेच निर्माण झालेले. आपण वहाणा काढतो त्या या दुसऱ्यासाठी.

परंतु धोका इथेच आहे. हार, गुलाल आणि जयघोष उरले व ठराव, लाठ्या, मनाई हुकूम, निकाल विसरले गेले, तर चवदार तळे आणखी एक तीर्थ होऊन बसेल. तीर्थात बुडी मारून माणूस मोकळा होतो. चवदार तळे आपल्याला मोकळे करीत नाही. आपल्या गावचा पाणवठा आज कोणाकोणाचा आहे, हे विचारायला ते परत गावी पाठविते.