क्रम आणि काळ

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची आगगाडी वऱ्हाडांतील कित्येक पिढ्यांच्या परिचयाची होती. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनें १९१० मध्यें स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग. काळ्या मातींत पिकणारा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत न्यावा व तेथून तो मुंबईच्या बंदरांत पोंचावा, हा त्याचा हेतु होता. दारव्ह्यावरून जाणारें हें ११३ किलोमीटरांचें अंतर मँचेस्टरला तयार झालेलें वाफेचें एंजिन १९२३ पासून सत्तर वर्षें तोडीत होतें. १५ एप्रिल १९९४ रोजीं तें निवृत्त झालें व डिझेलचें एंजिन आलें. अखेरच्या काळांत अवघीं सात माणसें सारा कारभार पाहत: डबे एंजिनापासून सोडविणें, सिग्नल देणें, तिकिटें विकणें. आतां ती गाडी धावत नाहीं.

अशा संथ गाडीला घड्याळाची फारशी मातब्बरी नसते. वाटेंत रस्ता आडवा आला, तर गाडी उभी करावी, एकानें उतरून फाटक लावावें, गाडी पार झाली कीं तें उघडावें व पुढें चालावें. येथें सांभाळावयाचा असतो तो केवळ क्रम: आधीं फाटक, मग गाडी. फाटक लावणाऱ्याला दोन मिनिटें लागोत वा दहा, अपघात होणें नाहीं. कारण गाडी त्याच्यासाठीं थांबलेली आहे. परंतु गाडी थांबणारी नसेल तर? ह्या साध्या प्रश्नाभोंवतीं गणकयंत्रशास्त्राच्या एका शाखेचा इतिहास घडला आहे. तो सांगण्यापूर्वीं रेल्वेच्याच इतिहासांतील एक जुना आणि दुःखद धडा आठवणें इष्ट होईल.

एकोणिसाव्या शतकांत अनेक मार्गांवर एका गाडीमागून दुसरी गाडी सोडतांना मध्यें केवळ वेळेचें अंतर ठेवीत. पहिली सुटून नेमलेलीं मिनिटें झालीं कीं दुसरी सोडावयाची. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांतील आर्मा या गांवाजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. मागचे डबे तेथेंच सोडून पुढचा भाग वर नेण्याचा यत्न चालला असतां ते डबे उतारावरून घसरत गेले, आणि नियमाप्रमाणें निदान वीस मिनिटांचें अंतर राखून सुटलेल्या मागच्या गाडीवर आदळले. सुमारें ८० माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. घड्याळ चुकलें नव्हतें. परंतु पुढचा रस्ता मोकळा आहे कीं नाहीं हें घड्याळाला ठाऊक नव्हतें. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून ‘ब्लॉक’ पद्धति सक्तीची करण्याची वाट मोकळी केली. आधींची गाडी एका टप्प्यांतून बाहेर पडल्याची खूण मिळाल्यावांचून मागची गाडी त्यांत सोडावयाची नाहीं, असा ह्या पद्धतीचा दंडक आहे. रेल्वेनें काळाच्या जागीं क्रमाची स्थापना केली ती अशी.

गणकयंत्रांचें शास्त्र नेमकें उलट वाटेनें गेलें. त्यानें आधीं क्रम धरला आणि काळाकडे तें मागाहून वळलें. अनेक यंत्रें एकाच वेळीं चालून परस्परांस निरोप पाठवूं लागलीं, तेव्हां त्यांच्या वर्तनाचा हिशेब कसा ठेवावा, असा प्रश्न उभा राहिला. टोनी होर यांनीं १९७८ मध्यें ह्या विषयावर प्रसिद्ध निबंध लिहिला व १९८५ मध्यें त्याचा ग्रंथ केला. रॉबिन मिल्नर यांचा ग्रंथ १९८० मध्यें निघाला. त्याच सुमारास ॲम्स्टरडॅम येथें यान बर्गस्ट्रा व यान विलेम क्लोप यांनीं ह्या विचाराला प्रक्रियांचें बीजगणित हें स्वरूप दिलें. शाळेंतल्या बीजगणितांत अक्षर संख्येच्या जागीं येतें; येथें तें क्रियेच्या जागीं येतें. ‘हें झाल्यावर तें’, ‘हें किंवा तें’, ‘हें आणि तें एकत्र’ अशा थोड्याशा चिन्हांनीं मोठमोठ्या यंत्रणांचें वर्णन करतां येऊं लागलें. आणि दोन वर्णनें एकाच वर्तनाचीं आहेत कीं नाहींत, हें समीकरणें सोडवून पाहतां येऊं लागलें.

ह्या बीजगणितांत काळाला स्थान नव्हतें, आणि तें बुद्ध्याच दिलेलें नव्हतें. आजचें यंत्र मंद, उद्यांचें जलद. जो सिद्धांत दोहोंस सारखाच लागू पडेल तोच टिकाऊ, असा विचार त्यामागें होता. पत्रव्यवहाराला वा हिशेबाला तो पुरेसा होता. परंतु विमानाचें सुकाणूं, हृदयाला ठोके देणारें यंत्र किंवा रेल्वेचें फाटक यांच्या बाबतींत उशिरा आलेलें बरोबर उत्तर चुकीच्या उत्तराइतकेंच घातक असतें. क्रम सांगणाऱ्या समीकरणांत ‘उशीर’ हा शब्दच नव्हता.

ही उणीव भरून काढण्याचे यत्न १९८० नंतरच्या दशकांत सुरू झाले. ऑक्सफर्ड येथें जॉर्ज रीड व बिल रॉस्को यांनीं १९८६ मध्यें होर यांच्या पद्धतींत काळ आणला. ‘इतका वेळ थांब’, ‘इतक्या वेळांत निरोप न आल्यास दुसरी वाट धर’, अशीं वाक्यें त्यामुळें गणितांत लिहितां आलीं. एडिंबरा येथें मोलर व टॉफ्ट्स यांनीं १९९० मध्यें मिल्नर यांच्या पद्धतीला काळाची जोड दिली. ॲम्स्टरडॅमचे बेटन व बर्गस्ट्रा यांनीं १९९१ मध्यें प्रत्येक क्रियेला तिच्या घटकेचा शिक्का लावला. मुंबईचाही ह्या विचारांत वांटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आर. के. श्यामसुंदर यांनीं एस. अरुणकुमार व नेदरलंड्समधील सहकाऱ्यांसह लिहिलेला, काळाच्या बंधनांत चालणाऱ्या विखुरलेल्या यंत्रणांच्या अर्थाविषयींचा निबंध १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. जें काम होऊं शकतें तें विनाकारण अडून राहूं नये, हें त्याचें एक गृहीत तत्त्व होतें.

काळ मिळवावयाचा म्हणजे समीकरणाशेजारीं एक आंकडा लिहावयाचा, इतकें तें सोपें नव्हतें. क्रिया एकाची असते, पण काळ सर्वांचा एकदमच जातो. एक यंत्र दहा मिनिटांनीं म्हातारें झालें कीं दुसरेंही तितकेंच झालें पाहिजे. शिवाय एका यंत्रानें ‘अमुक क्षणीं निरोप घेतलाच पाहिजे’ म्हणावें आणि दुसरें त्या क्षणीं तयार नसावें, असें झालें तर कागदावर काळच थांबतो! खरें घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून असें वर्णन करणाऱ्या आराखड्याप्रमाणें यंत्र बांधतांच येत नाहीं. हा दोष यंत्र घडण्यापूर्वीं कागदावर सांपडतो, ही ह्या गणिताची मोठी कमाई होय.

पुण्यास जन्मलेले राजीव अलूर व त्यांचे सहकारी डेव्हिड डिल यांनीं १९९० मध्यें ह्याच प्रश्नाला शेजारची वाट काढली; त्यांनीं यंत्राच्या अवस्थांच्या आराखड्याला घड्याळें जोडलीं. १९९४ च्या त्यांच्या विस्तृत निबंधांत उदाहरण आहे तें रेल्वेच्या फाटकाचेंच. गाडी येत असल्याची सूचना ती फाटकाशीं पोंचण्याच्या निदान दोन मिनिटें आधीं मिळते. नियंत्रक ती मिळाल्यावर एका मिनिटानें ‘फाटक लाव’ अशी आज्ञा देतो. फाटक आज्ञेनंतर एका मिनिटाच्या आंत लागतें. गाडी आणि फाटक परस्परांशीं कधींच बोलत नाहींत. म्हणून केवळ क्रम पाहिला तर फाटक लागण्यापूर्वीं गाडी येणार नाहीं, असें कोणीही छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. वेळा मांडल्या कीं बेरीज सोपी होते: एक मिनिट आणि एका मिनिटाहून कमी, म्हणजे दोन मिनिटांहून कमी. फाटक आधीं लागणारच. परंतु नियंत्रकानें एकाऐवजीं दोन मिनिटें घेतलीं, तर क्रमाच्या समीकरणांत एक अक्षरही न बदलतां रस्त्यावरच्या बैलगाडीचा घात होऊं शकतो. ह्या कार्याबद्दल दोघांना २०१६ मध्यें अलोंझो चर्च पुरस्कार मिळाला.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्धा ते कळंब हा रुंद मापाचा मार्ग सुरू झाला आणि यवतमाळ जिल्ह्यांत नव्या युगाची गाडी आली. वर्धा–यवतमाळ–नांदेड ह्या मोठ्या मार्गाचा तो एक टप्पा आहे. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें धावणारी गाडी एका मिनिटांत दीड किलोमीटराहून अधिक अंतर तोडते. तिला थांबवून खालीं उतरणारा माणूस तेथें उपयोगी नाहीं. जें जग आपल्यासाठीं थांबतें, त्यांत क्रम पुरतो. जें थांबत नाहीं, त्यांत काळही लिहून ठेवावा लागतो. आर्मा येथें काळ होता, पण क्रम नव्हता. आरंभीच्या बीजगणितांत क्रम होता, पण काळ नव्हता. दोन्हींची सांगड एकाच वाक्यांत घालावयास मनुष्याला शंभर वर्षें लागलीं, आणि त्या विलंबाची पहिली किंमत उतारावरून घसरलेल्या डब्यांतील मुलांनीं दिली होती.