तुळईच्या पोटातल्या रिंगा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या सोलापूर भागातही कोणी विसरलेले नाही. गणपती बोळवून लोक नुकते कुठे निजले होते. चारला चार मिनिटे असताना किल्लारी-सास्तूरकडची धरणी हादरली आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे यांच्याखाली. तेव्हापासून खेडोपाडी एक समजूत रुजली आहे, की सिमेंट-काँक्रीटचे घर बांधले म्हणजे भूकंपाची चिंता मिटली. ही समजूत अर्धीच खरी.

काँक्रीट दाब मुकाट्याने सोसते. ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. म्हणून ताणाच्या अंगाला सळया घालतात. एरवी तुळईच्या टोकाशी ताण वरच्या अंगाला असतो. भूकंपात हा हिशेब क्षणाक्षणाला उलटतो. आता वर, तर पुढच्या हेलकाव्यात खाली. वरची भेग मिटते न मिटते तोच खालची उघडते. भेगेच्या कडा जात्याच्या दगडांसारख्या घासतात, चुरा होतो, बाहेरचे कवच गळते, सळईवरची पकड सुटते. पहिला धक्का सोसलेली तुळई दहाव्याला तितकी ताठ राहत नाही.

शाळेतला खडू वाकवून पाहा, कडकन मोडेल. तार पुन्हा पुन्हा वाकवली तरी टिकते. तुळईला तारेचा हा गुण देतात त्या तिच्या पोटातल्या रिंगा. आतले काँक्रीट त्या आवळून धरतात आणि सळयांना बाहेर फुगू देत नाहीत. पण रिंगेची टोके नुसती काटकोनात वळवली असतील, तर कवच गळताच रिंग उघडते आणि सारा खेळ आटोपतो.

दख्खनचा खडक अचल आहे, ही श्रद्धा ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेनेच तडकवली होती. तरीही किल्लारीचा मुलूख १९९३ पर्यंत भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यातच राहिला! २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. त्या नकाशात सोलापूरही त्याच पट्ट्यात होते. भारतीय मानक १३९२० मात्र १९९३ सालीच निघाले. त्यात रिंगेची टोके १३५ अंशांत आत वळवायला सांगितली. तुळईच्या दोन्ही टोकांशी, खोलीच्या दुप्पट लांबीपर्यंत, रिंगांमधले अंतर खोलीच्या चौथाईहून जास्त नको. म्हणजे ४० सेंटिमीटर खोल तुळईत १० सेंटिमीटर.

तेव्हा सिमेंटची पोती मोजता तसे स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी सेंटरिंगवर चढून या रिंगांची टोके पाहून घ्या. काँक्रीट ओतल्यावर ती कोणालाच दिसत नाहीत.