त्रेचाळिसाव्या रस्त्यावरची भिंत

मोठ्या शहरातल्या जुन्या वस्तीत अलीकडे एखादी रंगवलेली भिंत हमखास भेटते. वर दोन मजले उंच गवयाचा नाहीतर खेळाडूचा चेहरा, खाली वाणसामानाचं दुकान. ‘म्युरल’ या शब्दाची कुळी एका ओळीत आटपते: लॅटिनमध्ये ‘मुरुस’ म्हणजे भिंत. पण वस्तीनं आपल्याच माणसांचे चेहरे आपल्याच भिंतीवर रंगवायचे, या चालीचा माग काढत गेलं की बऱ्याचशा वाटा शिकागोच्या साउथ साइडला, ४३वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यूच्या नाक्यावर येतात. साल १९६७.

भिंती त्याआधीही रंगत होत्या. मेक्सिकोत १९२०च्या दशकात दिएगो रिव्हेरा आणि मंडळींनी सरकारी इमारती इतिहासानं भरून टाकल्या. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारनंही टपाल कचेऱ्यांच्या भिंती चित्रकारांना दिल्या. पण पैसा सरकारचा, भिंतही सरकारची. लँगलीच्या नाक्यावर होती एक मोडकळीला आलेली दुमजली इमारत, आणि तिथं मालकाच्या सहीपेक्षा शेजाऱ्यांच्या होकाराला मोल होतं. विल्यम वॉकर हा चित्रकार आधी वस्तीतल्या लोकांशी बोलला, मग ब्रश हातात घेतला.

त्याच्याबरोबर होती ‘ऑर्गनायझेशन ऑफ ब्लॅक अमेरिकन कल्चर’ या संस्थेची चित्रशाखा. आद्याक्षरं जोडून ते ‘ओबासी’ म्हणत, कारण योरुबा भाषेत ‘ओबा’ म्हणजे राजा. भिंतीची आखणी सिल्व्हिया अ‍ॅबरनथीची. तिनं इमारतीशी भांडण मांडलं नाही. खिडक्या-दारांमधल्या मोकळ्या जागा हेरल्या आणि जॅझ, नाटक, साहित्य, खेळ, धर्म, राजकारण अशी वाटणी करून दिली. जॅझच्या वाट्याला कोल्ट्रेन आणि मंक आले, खेळांत मुहम्मद अली. कोपऱ्यावरचा वर्तमानपत्रांचा ठेलाही सुटला नाही. त्यावर कॅरोलिन लॉरेन्सनं नाच रंगवला. रंगवलेल्या चेहऱ्यांमध्ये अधूनमधून खरेखुरे फोटोही बसवले. नाव ठेवलं ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’.

मान कुणाला द्यायचा, यावरून वाजणारच होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकातले मार्टिन ल्यूथर किंग या भिंतीवर नव्हते! या तरुणांना ते फार मवाळ वाटत. मॅल्कम एक्स मात्र होते. त्यांच्या पंगतीत बसायला त्यांचे एकेकाळचे गुरू एलायजा मुहम्मद राजी नव्हते, म्हणून एलायजांचं चित्र काढून टाकावं लागलं. पुढे राजकारणाचा अख्खा भाग पांढरा फासून नव्यानं रंगवला, तो यूजीन ईडानं. मूळ भाग गटातल्याच नॉर्मन पॅरिशचा होता, त्यामुळे गटात कायमची फूट पडली. चित्राखाली कुणी सही करायची नाही असं आधी ठरलं होतं. तरीही भिंत कुणाची, हा वाद मिटला नाही. मला तर हीच या चालीची खरी जन्मखूण वाटते. शोभेसाठी भिंत रंगवली असती, तर एवढं कोण भांडलं असतं?

कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स स्वतःही भिंतीवर होत्या. १ ऑक्टोबर १९६७ला भिंतीचं अर्पण झालं, तेव्हा त्यांनी तिच्यावरची कविता समोर जमलेल्या गर्दीला वाचून दाखवली.

दुसऱ्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये ‘वॉल ऑफ डिग्निटी’ उभी राहिली, तिथंही वॉकर आणि ईडाच होते. ओबासीतल्या काही जणांनी १९६८मध्ये ‘आफ्रिकोब्रा’ हा गट काढला. शिकागोची मूळ इमारत मात्र शहर-सुधारणेच्या यादीत होतीच. १९७१मध्ये तिला आग लागली आणि मग ती पाडली. रंगवताना रॉबर्ट सेंगस्टॅक, रॉय लुइस हे छायाचित्रकार भिंतीशी होते. फोटो भिंतीत बसवणारी हीच मंडळी. आता भिंत पाहायची तर त्यांच्या फोटोंतच पाहावी लागते.