राजमहेंद्रीचा गोदावरी पूल : वर रस्ता, खाली रेल्वे

बाजारहत्नूर : आपल्या भागातलं पावसाचं पाणी कडेम नदीला जातं, कुंटाला धबधब्यावरून खाली कोसळतं आणि कडेम धरण ओलांडून गोदावरीला मिळतं. त्र्यंबकेश्वराहून निघालेली ही नदी समुद्राआधी ज्या शेवटच्या मोठ्या शहराला लागते, ते आंध्रातलं राजमहेंद्री. तिथला लोखंडी पूल नदीइतकाच प्रसिद्ध आहे.

आधी तिथे एकच पूल होता, हॅवलॉक पूल. १८९७ मध्ये काम सुरू झालं आणि १९०० मध्ये त्यावरून गाडी धावली. ५६ गाळ्यांच्या या पुलाला मद्रासच्या तत्कालीन गव्हर्नरांचं नाव मिळालं. अभियंता होते वॉल्टन. काशीचा गंगेवरचा पूलही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. पण यावर रूळ एकेरी. मद्रास-हावडा मार्ग दुहेरी करायचं ठरलं तेव्हा १९६० च्या दशकात दुसऱ्या पुलाचा विषय निघाला. रेल्वे पूल बांधतेच आहे, तर डोक्यावर रस्ताही घ्या, असं राज्य सरकारने सुचवलं. शहाणपणाचंच होतं ते, कारण पलीकडच्या कोव्वूरला जायला माणसांना नावेचाच आधार होता.

१९७४ मध्ये राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी या पुलाचं उद्घाटन केलं. रेल्वेचा भाग सुमारे २.८ किलोमीटर, रस्त्याचा ४ किलोमीटरच्या वर. ९१.५ मीटरचे २७ आणि ४५.७२ मीटरचे ७ गाळे. राजमहेंद्रीच्या बाजूला पूल चक्क वळण घेतो. रचना कैचीची, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांना जोडलेले. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. वजन पट्ट्यांमधून वाटलं जातं आणि शेवटी खांबांवर उतरतं. म्हणून कमी लोखंडात लांब गाळा साधतो. मात्र सांधे गंजू दिले, तर सगळाच हिशोब चुकतो.

पुलाची खरी परीक्षा झाली १९८६ च्या ऑगस्टमध्ये. जवळच खाली असलेल्या धवळेश्वरम बंधाऱ्यावर ३५ लाख क्युसेकहून जास्त पाणी आलं. पूल उभा राहिला. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये कडेम धरणावर ५ लाख क्युसेकच्या आसपास पाणी आलं तेव्हा काय हाल झाले, ते आठवा म्हणजे आकडा कळेल!

१९९७ मध्ये कमानीचा तिसरा पूल आला आणि हॅवलॉक निवृत्त झाला. २०१५ मध्ये रस्त्यासाठी चौथाही झाला. तरी कैचीच्या पुलावरची वर्दळ थांबलेली नाही.

जुन्या पुलांचा प्रश्न फक्त आंध्राचा नाही. १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार जण गेले. त्याच महिन्यात राजमहेंद्रीत 'अखंड गोदावरी' पर्यटन योजनेचं भूमिपूजन झालं आणि त्यात हॅवलॉक पुलाचाही समावेश आहे. रेल्वेच्या पुलावर आता पर्यटक चालवायचे, तर आधी त्याचं लोखंड आणि दगडी खांब तपासावे लागतील.